बिछान्यावरून पाहिलेले गड

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत नाव घ्यावा असा एकही डोंगरी किल्ला नाही. कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांच्या आसऱ्याने वसलेला हा सपाट मुलूख; पूर्वी ज्वारी-बाजरीचा, नीरेच्या कालव्याचे पाणी खेळू लागल्यावर उसाचा. सिंहगड पाहायचा तर इथल्या माणसाला एसटीत बसून आधी पुणे गाठावे लागते. राजगड, तोरणा त्याहून पलीकडे. तरीही या भागातल्या शाळकरी मुलांनी आजवर किती गड चढले असतील, याची मोजदाद नाही. उन्हाळ्याच्या सुटीत, भर दुपारी, सोप्यावर किंवा गोठ्याच्या सावलीत पालथे पडून, पुठ्ठा निखळलेली एखादी जाडजूड कादंबरी हाती धरून त्यांनी ते चढले. अशा कादंबरीची पहिली पाने बहुधा गहाळच असायची, त्यामुळे लेखकाचे नाव कळण्याचा प्रश्नच नसे. कोण लिहितो यापेक्षा पुढे काय होते, याचीच काळजी मोठी.

त्या गहाळ पानांवर ज्यांचे नाव अनेकदा असायचे, ते नाथमाधव. 'वीरधवल'चे लेखक, आणि स्वराज्याच्या कादंबरीमालेचेही. मुलांना दोराच्या साहाय्याने कडे चढवणाऱ्या या लेखकाला स्वतःला मात्र चार पावलेही टाकता येत नव्हती. हे त्यांच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असे.

त्यांचे खरे नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. स्वतःच्या नावातला नाथ आणि वडिलांच्या नावातला माधव एकत्र करून त्यांनी टोपणनाव सिद्ध केले. जन्म मुंबईचा, ३ एप्रिल १८८२ चा. योगायोग असा की त्याच वर्षाच्या आरंभी इंग्लंडातल्या एका मुलांच्या साप्ताहिकात स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' ही कथा क्रमशः पुरी झाली होती. तोही लेखक छातीच्या दुखण्याने सतत अंथरुणाला खिळलेला. साहसकथा लिहायला धडधाकट शरीर लागत नाही, याचे हे दोन दाखले एकाच सालाशी जोडलेले असावेत याची गंमत वाटते.

पण द्वारकानाथ जन्मतः अशक्त नव्हते. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर ते कुलाब्याच्या तोफांच्या सरकारी कारखान्यात नोकरीला लागले. शिकारीचा नाद होता. बंदूक खांद्याला लावून डोंगर हिंडणारा, हातापायांत रग असलेला हा तरुण. लेखक होण्याची कुठलीच चिन्हे या माणसात दिसत नाहीत. नियतीने मध्ये हात घातला नसता तर कारखान्यातली नोकरी करून, निवृत्त होऊन, नातवंडांना शिकारीच्या गोष्टी सांगत ते सुखाने गेले असते.

१९०५ साली ते शिकारीसाठी सिंहगडावर गेले आणि तिथे कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचे शरीर कायमचे निर्जीव झाले. वय वर्षे तेवीस.

सिंहगडाचा कडा मराठी मनाला काय आहे, हे वेगळे सांगायला नको. १६७० च्या माघातल्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे ज्या गडाचा कडा चढून गेले, तोच हा गड. हरिभाऊ आपट्यांनी याच प्रसंगावर विसाव्या शतकाच्या आरंभी 'गड आला पण सिंह गेला' लिहिली. मराठी मुलांच्या कल्पनेतला सर्वांत मोठा चढ ज्या कड्यावर आहे, त्याच गडावरून पुढे त्यांचा आवडता होणारा लेखक खाली पडला. एखाद्या कादंबरीकाराने हे योजले असते तर टीकाकारांनी त्याला ओढूनताणून आणलेला योगायोग म्हटले असते.

त्या काळात कणा मोडणे म्हणजे काय असते, याची आज आपल्याला कल्पना येणार नाही. प्रतिजैविके नव्हती. पेनिसिलिन प्रत्यक्ष वापरात यायला अजून पस्तीसेक वर्षे होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होतात, त्या चिघळतात, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो आणि त्यातच तो जातो. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेल्या सैनिकांपैकी बहुसंख्य जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावले, तेही युरोपातली सुसज्ज इस्पितळे हाताशी असताना. नाथमाधव त्यानंतर किती वर्षे जगले? तेवीस. जेवढी वर्षे ते चालले, तेवढीच वर्षे ते बिछान्यात होते. शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्याचे असे काटेकोर दोन भाग झाले. या दुसऱ्या भागातले प्रत्येक वर्ष कोणाच्या तरी रोजच्या शुश्रूषेने मिळालेले होते. कूस बदलून देणारे, चादर ओढून सरळ करणारे, वेळेवर पाणी देणारे हात त्यामागे होते. वाङ्मयाच्या इतिहासात अशा हातांची नोंद होत नाही. निदान आपण वाचकांनी ती मनात करावी.

आजाऱ्याचा वेळ जाता जात नाही. नाथमाधवांनी तो वाचनात घालवला आणि वाचनातून ते लेखनाकडे वळले. तो काळ मराठी कादंबरीच्या भरतीचा होता. रेनल्ड्स नावाच्या इंग्रज कादंबरीकाराने तेव्हाच्या सुशिक्षितांना अक्षरशः वेड लावले होते. त्याच्या कादंबऱ्यांत गुप्त दरवाजे, बदललेली बाळे, तोतये, विषप्रयोग अशी सगळी सामग्री असे. खुद्द हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' ही रेनल्ड्सच्याच आधाराने उभी राहिली. पुढे त्यांनी स्वतःची वाट काढली ही गोष्ट वेगळी. अद्भुताची आवड तर त्याहून जुनी. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ ची, आणि ती मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. मौजेची बाब अशी की हा मोचनगड कोणत्याही नकाशावर सापडत नाही. इतिहास आणि कल्पना यांचे लग्न मराठीत पहिल्या दिवसापासून लागलेले आहे.

अपघातानंतर तीन वर्षांनी, १९०८ मध्ये, नाथमाधवांची पहिली कादंबरी 'प्रेमवेडा' आली. पुढच्याच वर्षी 'सावळ्या तांडेल'; तांडेल म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. डोंगर सुटले तसा हा लेखक समुद्रावर निघाला! आणि १९१३ मध्ये 'वीरधवल' प्रसिद्ध झाली.

'वीरधवल' ही अद्भुतरम्य कादंबरी. ती वाचलेल्या माणसाला आज साठीत किंवा सत्तरीत विचारा, कथानक नीटसे सांगता येणार नाही, पण ती कुठल्या घरात, कोणाच्या कपाटातून, कोणत्या इयत्तेत वाचली हे तो बिनचूक सांगेल. अद्भुतरम्य कादंबरीचे यश मोजायचे ते असेच. ती सत्याच्या कसाला लावायची वस्तूच नव्हे. तिने वाचणाऱ्याला दिवेलागणीचे भान राहू देऊ नये, इतकेच तिच्याकडून अपेक्षित असते.

मोठ्या माणसांना असे वाटते की अद्भुत हे शहरी, मोकळ्या वेळातल्या मुलांचे चोचले. आम्हांला तसे वाटत नाही. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवच्या मुलाला अद्भुत काय, हे शिकवावे लागत नाही. उजनी धरणाच्या पाण्यात त्याच्या गावचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर बुडाले आहे. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की ते मंदिर शिखरासकट वर येते, लोक होडीतून दर्शनाला जातात, आणि पाऊस झाला की देऊळ पुन्हा पाण्याखाली. ज्याच्या गावात देवळे पाण्यातून वर येतात त्याला भुयारातून निघणाऱ्या राजपुत्राचे नवल ते काय?

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नाथमाधवांनी 'वीरधवल' मुलांसाठी म्हणून लिहिली नव्हती. बारा ते सोळा वर्षांच्या वाचकासाठी स्वतंत्र कादंबरी असते, ही कल्पनाच तेव्हा आपल्याकडे नीट रुजलेली नव्हती. मुलांसाठी असत त्या बोधकथा, आणि मोठ्यांसाठी कादंबऱ्या. त्यातही कादंबरी वाचणे हे बऱ्याच घरांत बिघडण्याचे लक्षण समजले जाई. मुलींच्या हाती ती पडू नये याची तर विशेष दक्षता. अशा वेळी मधल्या वयाच्या मुलामुलींनी बोधकथा बाजूला ठेवल्या, मोठ्यांच्या फळीवर हात घातला आणि त्यांना हवे ते उचलले. नाथमाधव त्यांनी असे स्वतः निवडून घेतले. शिफारस, बक्षीस, शाळेचे पत्रक यांतले काही मधे नव्हते. बालसाहित्याचे कोणतेही लेबल नसलेला लेखक पिढ्या ओलांडून मुलांचा होतो, हा बहुमान थोड्यांनाच मिळाला आहे.

आता स्वराज्यमालेविषयी. 'स्वराज्याचा श्रीगणेशा' १९२१ साली आली. तिच्यामागून स्थापना, कारभार, संकट, घटना, परिवर्तन आणि शेवटी दुफळी. १९२८ पर्यंत अशा सात कादंबऱ्या. नुसती नावे ओळीने वाचली तरी एका राज्याची सगळी कुंडली डोळ्यांपुढे येते. ती वर्षे ध्यानात घेतली पाहिजेत. लोकमान्य १९२० मध्ये गेले होते. असहकाराची चळवळ भरात होती. १९२३ मध्ये तर स्वराज्य याच नावाचा पक्ष निघाला. त्या शब्दाचे दोन अर्थ होते आणि तेरा वर्षांच्या मुलालाही ते दोन्ही कळत. सरकारलाही कळत होते. प्रभात कंपनीने १९३० मध्ये शिवाजी महाराजांवर काढलेल्या मूकपटाचे नाव 'स्वराज्याचे तोरण' असे ठेवले, तेव्हा सेन्सॉरने ते खपवून घेतले नाही आणि चित्रपट 'उदयकाल' या नावाने पडद्यावर आला. आणि इकडे नाथमाधवांच्या कादंबऱ्या तोच शब्द कपाळावर मिरवीत गावोगाव पोचलेल्या! पडद्यावरचा शब्द शेकडो लोक एकदम पाहतात, पुस्तकातला एकेकटा वाचला जातो. पहारेकऱ्याचे लक्ष बहुधा पहिल्याकडेच असते.

दौंडहून बारामतीला त्या काळी अरुंद रुळांची छोटी गाडी येत असे. तिच्यातून गूळ जाई, माणसे जात, आणि पुण्या-मुंबईची पुस्तकेही येत असणार. बारामती हे काही वाङ्मयाला परके गाव नव्हे. कविवर्य मोरोपंतांनी अठराव्या शतकात आपले अवघे काव्य इथेच, कऱ्हेच्या काठी रचले. पण मोरोपंतांची आर्या मुलाच्या हाती द्यावी लागते, समजावूनही द्यावी लागते. नाथमाधवांना कोणी हाती द्यावे लागले नाही.

या मुलांना बहुधा एक गोष्ट कोणी सांगितली नाही. ज्या स्वराज्याचा श्रीगणेशा ते सह्याद्रीच्या कड्यांवर शोधत होते, त्याचा बराचसा भाग त्यांच्या घरच्या अंगणात घडला होता. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर सुपे आणि इंदापूर हे परगणे होते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे सतराव्या शतकाच्या आरंभी इंदापूरच्याच लढाईत पडले. तिथली गढी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. आणि सुपे म्हणजे बारामती तालुक्यातले सुपे. पारनेरकडचे सुपे निराळे, दोहोंची गल्लत नेहमी होते. या सुप्याचे ठाणे संभाजी मोहिते यांच्या ताब्यात होते. ते शहाजीराजांच्या धाकट्या पत्नी तुकाबाई यांचे भाऊ, म्हणजे नात्याने महाराजांचे सावत्र मामा. जावळी घेतली त्याच वर्षी, १६५६ मध्ये, महाराज सुप्याला गेले. शिमग्याची पोस्त मागायला आलो, असे निमित्त सांगून त्यांनी मामांना कैद केले आणि ठाणे घेतले, असे सभासदाची बखर सांगते. शिमग्याला दारोदार पोस्त मागणारी पोरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. इथे भाच्याने मामाच्या दारी येऊन पोस्त म्हणून अख्खा महाल मागितला! पुढे १६६० मध्ये शाएस्तेखानाची अफाट फौज पुण्याकडे सरकली, तीही याच सुपे-बारामतीच्या वाटेने.

सुप्याचा प्रसंग मुद्दाम सांगितला, कारण ऐतिहासिक कादंबरीची खरी कसोटी अशा ठिकाणी लागते. कड्यावर दोर लावणे सोपे असते. समोर परका शत्रू आहे, त्याला काळा रंग फासला की झाले. पण समोर मामा असेल तर? तो दुष्ट नाही, दगाबाजही नाही. आपल्या मेहुण्याने सोपवलेले ठाणे त्याच्या भाच्याला द्यायला तो तयार नाही, एवढेच. पौगंडवयातल्या वाचकाला हा पेच सर्वांत चांगला समजतो, कारण घरातल्या मोठ्यांशी त्याचे स्वतःचे हेच चाललेले असते. त्या पिढीच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी, त्यांत नाथमाधवांच्याही आल्या, चढाया, वेषांतरे आणि सुटकांवर जितका जीव लावला तितका अशा पेचांवर लावला नाही, असे आमचे मत आहे. ओघात सांगायचे तर दुसरा दोष भाषेचा. वाक्ये लांबलचक, पल्लेदार, आणि ऐन रंगात लेखक मधेच येऊन वाचकाशी बोलू लागतो. त्या काळी ती रीतच होती.

खऱ्याखोट्याचाही प्रश्न आहे, आणि तो टाळून चालणार नाही. इतिहासाचार्य राजवाडे आणि त्यांचे सहकारी एकेक कागद धुंडाळत गावोगाव हिंडत होते, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले होते, जदुनाथ सरकारांचे शिवचरित्र १९१९ मध्ये निघाले होते. म्हणजे नाथमाधव मालिका लिहीत होते त्याच वर्षांत इतिहास कागदपत्रांच्या आधाराने नव्याने मांडला जात होता. कादंबरीकार मात्र बखरींवर आणि कल्पनेवर विसंबून प्रेमकथा, तरुण वीर आणि त्यांचे सोबती निर्माण करीत होता. मुले ते सगळे खरे मानत. अनेकांच्या डोक्यात कादंबरीतले कल्पित पात्र आणि इतिहासातला सरदार शेजारी शेजारी बसलेले असतात आणि साठी उलटली तरी ते वेगळे होत नाहीत. हे नुकसान खरे आहे. पण ज्यांनी पुढे आयुष्यभर इतिहासाची खरी पुस्तके वाचली, त्यांतल्या कितीतरी जणांना पहिला चटका अशाच एखाद्या कादंबरीने लावला, हेही तितकेच खरे. कोरडा इतिहास हाती देऊन कोणाला तो चटका लागल्याचे ऐकिवात नाही.

नाथमाधवांनी सामाजिक कादंबऱ्याही बऱ्याच लिहिल्या. 'रायक्लब अथवा सोनेरी टोळी', 'देशमुखवाडी', 'विहंगवृंद' आणि तीन भागांतली 'डॉक्टर' या त्यांतल्या काही. 'डॉक्टर'चा बोलबाला त्या काळात मोठा होता. समाजसुधारणेची त्यांना मनापासून कळकळ होती आणि ती या कादंबऱ्यांत ठायी ठायी दिसते. पण त्या त्यांच्या काळाबरोबर राहिल्या. काळाच्या पुढे गेले ते घोडेस्वार.

२१ जून १९२८ रोजी नाथमाधव गेले. शेवटची 'दुफळी' त्याच वर्षीची. त्यांच्यानंतर वि. वा. हडपांनी 'कादंबरीमय पेशवाई' ही लांबलचक मालिका लिहून तोच धागा पुढे नेला. मग काळ बदलला. १९६२ मध्ये रणजित देसाईंची 'स्वामी' आली, त्यानंतर 'श्रीमान योगी', गो. नी. दांडेकरांनी गडांना नवी बोली दिली. वाचकाची रुची सूक्ष्म झाली, लेखकाने मधेच येऊन बोलणे त्याला रुचेनासे झाले. मधल्या वयाच्या मुलांना भा. रा. भागवतांनी सायकलवर बसवून थेट आजच्या पुण्यात आणले. नाथमाधव हळूहळू वरच्या फळीवर गेले.

ते पुरते नाहीसे झाले नाहीत, याला एक कायदेशीर कारण आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते, असा तेव्हाचा नियम होता. पुढे तो साठ वर्षांचा झाला. नाथमाधवांची पन्नास वर्षे १९७८ च्या अखेरीस भरली. तेव्हापासून कोणाही प्रकाशकाला ही पुस्तके छापता येतात आणि निरनिराळ्या आवृत्त्या निघत राहिल्या आहेत. त्यांत काही संक्षिप्त, काही अशुद्धांनी भरलेल्या, काही चांगल्या. घेताना चार पाने चाळून घ्यावीत.

घरात बारा-तेरा वर्षांचे मूल असेल तर आरंभ 'वीरधवल'ने करावा. पहिली तीसचाळीस पाने मोठ्याने वाचून दाखवावीत, कारण भाषेचा पहिला उंबरठा ओलांडायला मदत लागते. लांब वर्णने खुशाल गाळावीत. मुले ती तशीही गाळतच आली आहेत. तीसचाळीस पानांनंतर पुस्तक तुमच्या हातून ओढले गेले तर ठीक, नाहीतर आग्रह करू नये. स्वराज्यमाला त्यानंतर. ती मात्र 'श्रीगणेशा'पासून क्रमाने वाचावी, आणि पुस्तकाशेजारी जिल्ह्याचा नकाशा ठेवावा. बारामतीकरांनी आणि इंदापूरकरांनी त्यावर आधी सुपे शोधावे, मग इंदापूर. गढी गावातच आहे, पाहायला तासभर पुरतो.